सहाशे डॉलरचे अश्रू

८ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेत एक चमत्कारिक सौदा जाहीर झाला. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीवर, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी सेंट रेजिस मोहॉक नावाची मूलनिवासी जमात राहते. अ‍ॅलर्गन या बड्या औषध कंपनीने आपल्या एका औषधाची पेटंटे या जमातीच्या नावावर करून दिली. त्याबद्दल जमातीकडून एक पैसा घेतला नाही. उलट जमातीलाच १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर रोख दिले आणि पुढे दरसाल दीड कोटी डॉलरपर्यंत देण्याचे कबूल केले. मग तेच औषध विकण्याचा हक्क जमातीकडून पुन्हा आपल्याकडे घेतला. राहते घर दुसऱ्याच्या नावावर करायचे, वर त्यालाच पैसे मोजायचे आणि भाडेकरू म्हणून त्याच घरात राहायचे, असला व्यवहार कोणी वकिलाच्या सल्ल्याशिवाय करत नाही.

सल्ला साधा होता. अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींना मर्यादित सार्वभौमत्व आहे; त्यांच्या संमतीशिवाय त्यांच्यावर सहसा दावा चालत नाही. मायलन, टेवा आणि अ‍ॅकॉर्न या जेनेरिक कंपन्यांनी अ‍ॅलर्गनच्या पेटंटांना पेटंट कार्यालयापुढे आव्हान दिले होते. पेटंटांची मालक जमातच असेल तर आव्हान ऐकूनच घेता येणार नाही, असा हा डाव होता.

ज्या औषधासाठी हा खटाटोप चालला ते कर्करोगाचे नव्हते की हृदयाचे नव्हते. ते होते डोळ्यांत घालायचे थेंब. नाव रेस्टासिस, काम कोरड्या डोळ्यांत पुन्हा अश्रू आणणे. २०१६ साली या एका औषधाची विक्री दीड अब्ज डॉलरच्या आसपास होती, आणि ते घेणाऱ्यांत पासष्टी ओलांडलेल्यांची संख्या मोठी. या प्रकरणाचा विषय तोच आहे : म्हातारपणी अमेरिकेत डोळे कोरडे पडले, डॉक्टरांनी महागडे थेंब लिहून दिले, तर ते परवडवायचे कसे. उत्तराच्या वाटेवर पेटंट, विमा आणि कायदा यांच्यातून जावे लागते, म्हणून सुरुवात मोहॉक जमातीपासून केली.

डोळा कोरडा पडतो म्हणजे काय होते, ते आधी पाहू. डोळ्यावर अश्रूंचा अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात पाणी असते, ते डोळ्याला धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ असतो आणि सर्वांत वर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या बारीक ग्रंथींतून येते. वय वाढते तसे दोन्ही बाजूंनी बिनसते : अश्रुग्रंथी पाणी कमी करतात, आणि पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबतात, त्यामुळे जे पाणी आहे तेही लवकर उडून जाते. दुसरा प्रकार जास्त आढळतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांना हा त्रास अधिक होतो. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, वाचताना अक्षरे मधूनच धूसर होतात आणि डोळे मिचकावले की पुन्हा स्पष्ट दिसतात. गंमत अशी की कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहते. डोळा चिडला की पातळ, पाणीदार अश्रूंचा लोट सोडतो. ते टिकत नाहीत, गालावर ओघळतात. ‘डोळ्यांतून सारखं पाणी येतंय’ अशी तक्रार घेऊन आलेल्या आजोबांना डॉक्टर कोरड्या डोळ्यांचे औषध देतात तेव्हा आजोबांना वाटते, डॉक्टरांचे लक्ष नाही.

रेस्टासिसमधले मूळ औषध सायक्लोस्पोरिन. त्याचा जन्म डोळ्यांशी अजिबात संबंध नसलेल्या ठिकाणी झाला. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत एक बुरशी सापडली आणि तिच्यातून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या संशोधकांना हे रसायन मिळाले. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला लगाम घालते. बसवलेले मूत्रपिंड किंवा हृदय शरीराने नाकारू नये म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. डोळ्यांशी त्याची गाठ घालून दिली ती जॉर्जिया विद्यापीठातल्या रेनी कॅस्वान या पशुवैद्य बाईंनी, आणि तीही कुत्र्यांच्या डोळ्यांशी. कुत्र्यांना कोरड्या डोळ्यांचा आजार वरचेवर होतो. १९८० च्या दशकात कॅस्वान यांना दिसले की सायक्लोस्पोरिन डोळ्यात घातले की अश्रुग्रंथींतला दाह उतरतो आणि अश्रू परत येतात. कुत्र्यांसाठीचे मलम आधी बाजारात आले. माणसांच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, मंजुरी मिळायला डिसेंबर २००२ उजाडला.

हे औषध किती गुणकारी आहे? त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रकातला आकडा बोलका आहे. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती ओली होते हे मोजतात, ती शिर्मर चाचणी. या चाचणीत दहा मिलिमीटर किंवा अधिक वाढ दिसली ती औषध घेणाऱ्या सुमारे १५ टक्के रुग्णांत, आणि औषधाशिवायचा नुसता तेल-पाण्याचा द्राव घेणाऱ्या सुमारे ५ टक्के रुग्णांत. फरक खरा आहे, पण डोंगराएवढा नाही. शिवाय गुण यायला काही महिने लागतात, आणि सुमारे १७ टक्के लोकांना घातल्यावर डोळ्यांची आग होते. माझे म्हणणे असे नाही की हे औषध घेऊ नये. योग्य रुग्णाला, विशेषतः स्योग्रेन विकारात जिथे शरीर स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर हल्ला करते तिथे, ते मोठा दिलासा देते. पण महिन्याला सहाशे डॉलर मोजण्यापूर्वी हा १५ आणि ५ चा हिशेब रुग्णाला कोणीतरी सांगायला हवा. टीव्हीवरची जाहिरात तो सांगत नाही.

आता पुन्हा मोहॉकांकडे. रेस्टासिसचे मूळ पेटंट २०१४ मध्ये संपले. ते संपत आले असतानाच कंपनीने त्याच द्रावणावर नवी पेटंटे मिळवली आणि मुदत २०२४ पर्यंत लांबवली. या नव्या पेटंटांवरचा खटला टेक्सासच्या केंद्रीय न्यायालयात न्या. विल्यम ब्रायसन यांच्यापुढे होता. जमातीशी सौदा जाहीर झाल्यावर महिना-सव्वा महिन्यातच, १६ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांनी ही पेटंटे रद्द ठरवली. जाता जाता त्यांनी असाही शेरा मारला की कंपनीने जमातीचे कायदेशीर कवच विकत, खरे तर भाड्याने, घेतले आहे. पेटंट कार्यालयाने जमातीच्या सार्वभौमत्वाचा मुद्दा फेटाळला, अपील न्यायालयानेही फेटाळला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालायला नकार दिला. डाव साफ फसला.

फसला, पण वेळ मिळाला. पहिले जेनेरिक एफडीएने मंजूर केले ते २ फेब्रुवारी २०२२ रोजी. मूळ पेटंट संपल्यापासून सुमारे आठ वर्षांनी. खटले हे त्याचे एक कारण. अशा दुधी द्रावणाचे जेनेरिक मूळ औषधाच्या तोडीचे आहे हे सिद्ध कसे करायचे, यावर कंपनीने एफडीएपुढे केलेल्या हरकती हे दुसरे. यात एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. २०१६ मध्ये याच अ‍ॅलर्गनच्या प्रमुखांनी, ब्रेंट सॉन्डर्स यांनी, आपण औषधांच्या किमती वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवणार नाही असे जाहीर वचन देऊन वाहवा मिळवली होती. किंमत फारशी न वाढवणे आणि स्पर्धक येऊ न देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

दरम्यान बाजारात नवी औषधे येत राहिली. २०१६ मध्ये झीड्रा आले. ते एका कंपनीकडून दुसरीकडे विकले जात शेवटी २०२३ मध्ये बॉश अँड लोम्बकडे १७५ कोटी डॉलरना गेले. २०२१ मध्ये टर्वाया नावाचा नाकातला फवारा आला. सिगारेट सुटावी म्हणून दिले जाणारे व्हॅरेनिक्लिन हेच त्यातले औषध. नाकातल्या मज्जातंतूला डिवचून ते अश्रू आणते. २०२३ मध्ये मीबो आले. ते पाण्याऐवजी तेलाच्या थराची उणीव भरून काढते. यात आपल्याकडची एक कंपनीही आहे : मुंबईच्या सन फार्माचे सेक्वा हे सायक्लोस्पोरिनचे थेंब २०१८ मध्ये एफडीएने मंजूर केले. कंपनी मुंबईची, किंमत मात्र अमेरिकेची. या ब्रँडेड औषधांची छापील किंमत महिन्याला साधारण सहाशे ते आठशे डॉलरच्या घरात असते.

पण ही छापील किंमत काउंटरवर फार थोडे लोक देतात. अमेरिकेत एकाच बाटलीच्या चार किमती असतात. छापील किंमत, विमा असल्यावरची किंमत, कूपन असल्यावरची किंमत, आणि विमा बाजूला ठेवून रोखीने घेतल्यास सवलतीची किंमत. काउंटरवरचा माणूस यांतली कुठली लावेल हे रुग्णाने काय विचारले यावर बरेच अवलंबून असते. आणि वृद्धांच्या बाबतीत यातले कूपन आपोआप बाद होते.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चकतात. टीव्हीवर किंवा दवाखान्यातल्या पत्रकावर ठळक लिहिलेले असते की महिन्याला शून्य डॉलरपासून. खाली बारीक अक्षरांत असते की हे खासगी विमा असणाऱ्यांसाठी, सरकारी विमा असणाऱ्यांसाठी नाही. पासष्टीनंतरचा मेडिकेअर विमा सरकारी आहे. सरकारी विम्यातून ज्याचे पैसे जाणार, ते घेण्यासाठी कोणाला लालूच दाखवणे हा १९७२ पासून केंद्रीय गुन्हा आहे, आणि कंपनीचे कूपन ही लालूचच धरली जाते. या नियमामागे विचार आहे. कूपनने रुग्णाचा वाटा शून्यावर आला की तो महागड्या औषधावर खूश होतो आणि उरलेले पैसे करदाता भरतो. विचार पटतो. तरी पंचेचाळीस वर्षांच्या मुलीला तेच थेंब जवळपास फुकट आणि तिच्या सत्तरीतल्या आईला शेकडो डॉलरना, हे एकाच घरात घडते तेव्हा नियम समजावून सांगणाऱ्याची पंचाईत होते.

मेडिकेअरमध्ये औषधांचा वेगळा भाग आहे, पार्ट डी. जॉर्ज बुश यांनी २००३ मध्ये त्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २००६ पासून तो सुरू झाला. प्रत्यक्ष विमा खासगी कंपन्या चालवतात आणि प्रत्येक कंपनीची औषधांची स्वतःची यादी असते, जिला तिथे फॉर्म्युलरी म्हणतात. एका कंपनीच्या यादीत झीड्रा असेल, दुसरीच्या यादीत फक्त जेनेरिक सायक्लोस्पोरिन, तिसरी म्हणेल आधी स्वस्त औषध वापरून बघा, गुण नाही आला तर मग महाग देऊ. डॉक्टरांनी पूर्वपरवानगीचा कागद भरल्याशिवाय काही कंपन्या हलत नाहीत. दुकानातून ‘विम्याने नाकारलं’ असा निरोप आला की बहुतेक म्हातारी माणसे मान डोलावून घरी जातात. पण तो शेवटचा शब्द नसतो. औषध यादीत नसले तरी ते याच रुग्णाला का हवे, हे डॉक्टरांनी लिहून दिले तर अपवाद मागता येतो, आणि डॉक्टरांचे पत्र पोचल्यावर साधारण ७२ तासांत विमा कंपनीला निर्णय द्यावा लागतो. निकडीचे असेल तर २४ तासांत. तिथेही नकार आला तर अपील करता येते.

पार्ट डीमध्ये वर्षानुवर्षे एक कुप्रसिद्ध खड्डा होता. ठरावीक खर्चानंतर विमा जवळपास गायब व्हायचा आणि रुग्णाला स्वतःच्या खिशातून भरावे लागायचे. तो हळूहळू भरत आणला गेला. मग ऑगस्ट २०२२ मध्ये बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने मोठा बदल केला : २०२५ पासून रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या वर्षाच्या खर्चाला २,००० डॉलरची कमाल मर्यादा आली. २०२६ साठी ती २,१०० डॉलर आहे.

हिशेब करून पाहू. समजा औषध महिन्याला ६०० डॉलरचे आहे आणि विमा कंपनीच्या यादीत आहे. मानक आराखड्याप्रमाणे २०२६ मध्ये पहिले ६१५ डॉलर रुग्णाने भरायचे, म्हणजे जानेवारीचे अख्खे औषध स्वतःच्या पैशाने. त्यानंतर प्रत्येक वेळी चौथा हिस्सा, म्हणजे दीडशे डॉलर. अशा हिशेबाने वर्षअखेरीस २,१०० ची मर्यादा गाठली जाते. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधेही याच हिशेबात धरली जातात, त्यामुळे ज्याची औषधे जास्त तो मर्यादेला लवकर पोचतो आणि पुढे वर्षभर यादीतल्या औषधांना काही देत नाही. मेख एकच : यादीत नसलेल्या औषधाला दिलेले पैसे या मर्यादेत मोजले जात नाहीत. जानेवारीचा दणका ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी २०२५ पासून सोय आहे. विमा कंपनीला कळवले की वर्षाचा खर्च महिन्याच्या हप्त्यांत, बिनव्याजी भरता येतो. ती मागावी लागते. आपणहून कोणी देत नाही.

उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्प नावाची सवलत आहे, आणि ज्यांना ती मिळू शकते अशा अनेकांना तिचे नावही माहीत नसते. २०२५ च्या निकषांप्रमाणे एकट्या माणसाचे वार्षिक उत्पन्न २३,४७५ डॉलरच्या आत, जोडप्याचे ३१,७२५ च्या आत असावे, आणि बचतीलाही मर्यादा आहे. राहते घर आणि गाडी बचतीत धरत नाहीत. ही सवलत मिळाली की त्या वर्षी जेनेरिकला जास्तीत जास्त ४ डॉलर ९० सेंट आणि ब्रँडेडला १२ डॉलर १५ सेंट द्यावे लागत होते. सहाशेचे बारा होतात. अर्ज सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात करायचा. याखेरीज कंपन्यांच्या स्वतःच्या मोफत औषध योजना असतात. कूपन बेकायदा असले तरी निकषांत बसणाऱ्या मेडिकेअर रुग्णाला विम्याबाहेर औषध फुकट देणे चालते. रेस्टासिस आता अ‍ॅबव्ही कंपनीकडे आहे. तिची अशी योजना आहे. अर्जावर डॉक्टरांची सही लागते.

चौथी किंमत, म्हणजे विमा बाजूला ठेवून घेतलेली. जेनेरिक सायक्लोस्पोरिन आल्यापासून हा मार्ग खरा उपयोगाचा झाला आहे. गुडआरएक्ससारख्या संस्थांची सवलतीची कार्डे मेडिकेअर असणाऱ्यालाही वापरता येतात, अट एवढीच की त्या खरेदीपुरता विमा वापरायचा नाही. ते पैसे साधारणपणे वार्षिक मर्यादेत धरले जात नाहीत. उद्योजक मार्क क्युबन यांनी २०२२ मध्ये सुरू केलेल्या कॉस्ट प्लस ड्रग्जसारख्या दुकानांतही भाव पाहावा. कित्येकदा असे दिसते की विम्यावर जेनेरिकला जे पडतात त्यापेक्षा रोखीने कमी पडतात. म्हणून काउंटरवर विचारायचे वाक्य हे : ‘विम्याशिवाय घेतलं तर किती पडेल?’ दुकानदार रागावत नाही. त्याला रोज हा प्रश्न येतो.

मराठी घरांत या सगळ्याला आणखी एक पदर आहे. मुलांकडे ग्रीन कार्डावर राहायला गेलेल्या आई-वडिलांना पासष्टीनंतर लगेच मेडिकेअर मिळत नाही. स्वतःची किंवा जोडीदाराची तिथली नोकरी नसेल तर सलग पाच वर्षे कायम वास्तव्य लागते, आणि मग हप्ता भरून त्यात शिरता येते. शिरताना पार्ट डी टाळू नये. ‘मला औषधं कुठे आहेत?’ म्हणून तो न घेणाऱ्याला, दुसरा तोलामोलाचा औषधविमा नसेल तर, पुढे दर महिन्यामागे एक टक्का या हिशेबाने वाढीव हप्ता जन्मभर भरावा लागतो. सहा महिन्यांसाठी नातवंडांना भेटायला गेलेल्यांना यातले काहीच लागू नाही. त्यांचा प्रवास विमा जुन्या दुखण्याला सहसा हात लावत नाही.

म्हणून पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांच्या बॅगेत भाकरीच्या पिठाबरोबर डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्याही जातात. भारतात सायक्लोस्पोरिनचे थेंब अमेरिकेच्या तुलनेत फारच स्वस्त मिळतात. पाहुण्याने स्वतःपुरते, नव्वद दिवसांच्या आतले, मूळ वेष्टनातले आणि इंग्रजीतल्या चिठ्ठीसह औषध नेले तर सहसा अडचण येत नाही. तिथे कायम राहणाऱ्याने कुरियरने मागवणे ही गोष्ट वेगळी. ते बहुतांशी नियमाबाहेर आहे आणि पार्सल अडकू शकते. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या बाटल्यांची. आपल्याकडे लाल डोळ्यांसाठी दुकानदार चिठ्ठीशिवाय जे थेंब देतो त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत डोळा शांत होतो, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने घालत राहतो. त्याने डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. स्वस्त पडले म्हणून ते कोरड्या डोळ्यांचे औषध होत नाही.

स्वस्ताचीही एक भयंकर गोष्ट घडली आहे, आणि तिचा धागा भारतात येतो. २०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या एझ्रीकेअर या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून औषधांना दाद न देणारा जिवाणू पसरला. थेंब बनवले होते चेन्नईच्या ग्लोबल फार्मा हेल्थकेअरने. मे महिन्यापर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण नोंदले गेले, चौघांचा मृत्यू झाला, १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा डोळाच काढावा लागला. सगळे स्वस्त थेंब वाईट, असा याचा अर्थ नाही. पण डोळ्यात जाणारी वस्तू निर्जंतुक असणे हा तिच्या किमतीचा पहिला भाग आहे. म्हणून एकदा वापरून फेकायची कुपी दोन दिवस पुरवणे हा बचतीचा मार्ग नव्हे. त्या कुपीत जंतुरोधक नसते. सकाळी उघडलेली कुपी टोपण लावून ठेवणारे पुष्कळ आहेत. माहितीपत्रक सांगते की उघडल्यावर लगेच वापरा आणि उरलेले टाका. उरते मात्र पुष्कळ, हे खरे. एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात मावते त्याहून कमी, बाकीचे गालावर. थेंब लहान का करत नाहीत, यावर अमेरिकेत खटलेही झाले आहेत. तोवर रुग्णाच्या हातात एवढेच आहे की एका डोळ्यात एकच थेंब घालावा आणि मग मिनिटभर डोळे मिटून राहावे. दोन थेंबांनी दुप्पट गुण येत नाही.

खरी बचत मात्र बाटलीच्या आधी होते. डोळे कोरडे करणारी औषधे वृद्धांच्या डब्यात हमखास सापडतात : सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची, लघवीच्या तक्रारीवरची, काही लघवी वाढवणारी. यातली एखादी बदलता आली तर सहाशे डॉलरचे औषध लागतच नाही, असेही होते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. यादी डॉक्टरांपुढे ठेवायची. तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर रोज दहा मिनिटे कोमट ओल्या कापडाचा शेक आणि पापण्यांच्या कडांची सफाई, याला पैसे पडत नाहीत. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. साधे कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर जंतुरोधक नसलेले घ्यावेत, कारण ते रसायनच डोळा चिडवते. हे थेंब चिठ्ठीविना मिळतात, म्हणून पार्ट डी त्यांचे पैसे देत नाही. याउलट अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रात बारीक बूच बसवण्याचा उपचार वैद्यकीय गरज असेल तर मेडिकेअरच्या डॉक्टरी उपचारांच्या भागात, म्हणजे पार्ट बीमध्ये, येतो; दवाखान्यातल्या दहा मिनिटांचे काम असते. आणि माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्या? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ५३५ रुग्णांना वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ किंवा त्याऐवजी ऑलिव्ह तेल दिले गेले. दोन्ही गटांना आलेल्या गुणात लक्षणीय फरक दिसला नाही. ते पैसे वाचवायला हरकत नाही.

तेव्हा आई-वडील अमेरिकेत असतील आणि डोळ्यांचे थेंब घेत असतील तर एक तारीख लक्षात ठेवा. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात पार्ट डीची विमा कंपनी बदलता येते, आणि कंपन्या आपल्या याद्या दरवर्षी बदलतात; यंदा यादीत असलेले थेंब पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. त्या दिवसांत एका संध्याकाळी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडा, प्रत्येकीचे नाव, तीव्रता आणि महिन्याला किती लागतात ते लिहा, आणि मेडिकेअरच्या संकेतस्थळावर ती यादी भरून कुठली कंपनी वर्षाकाठी स्वस्त पडते ते पाहा. जमत नसेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाची सल्लासेवा आहे. तिथले समुपदेशक हे काम करून देतात, कुठल्याही विमा कंपनीचे नसतात, आणि पैसे घेत नाहीत.